पोस्टकार्डावर मावेल एवढंच

आमच्या पोस्टमनला माझी कथा आवडली नव्हती. म्हणजे कथा त्यानं वाचलेलीच नव्हती. कथेवर आलेली पाच पोस्टकार्डं तेवढी वाचली होती आणि त्यावरून मत बनवलं होतं. गेटपाशी कार्डं हातात देताना म्हणाला, "साहेब, बाप शेवटी रडायला नको होता बघा. समदेच म्हणलालेत."

पोस्टकार्ड उघडं असतं, ही गोष्ट एकमेकांच्या कथांवर पोस्टकार्डानं मत कळवणाऱ्या आमच्या सहा जणांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. त्या दिवशी मी आंघोळीला गेलो होतो तेवढ्यात बायकोनंही ती पाची वाचून काढली आणि चहा देताना सहज विचारलं, "दुसऱ्या पानावर गोष्ट झोपते म्हणे तुमची?"

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. जीएसटीची विवरणपत्रं, पगारपत्रक, सुताची आवक, मालाची जावक. चाळिशीनंतर कधीतरी कथा लिहायला लागलो. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. काही जण या वयात चालायला जातात. सूत विकणारे व्यापारी दरवर्षी डायऱ्या देतात, त्या वाया जाऊ नयेत म्हणून लिहायचो असंही म्हणता येईल. लिहिलेलं घरच्यांना, मित्रांना दाखवायचो आणि सगळीकडून एकच उत्तर यायचं: छान.

या 'छान'चा मला पुढे पुढे राग यायला लागला. भाचीचं छान म्हणजे 'मामा, मी वाचणार नाहीये'. साडूचं छान म्हणजे 'वेळ बरा मिळतो तुम्हाला'. ऑफिसातल्या शिपायाचं छान त्यातल्या त्यात प्रामाणिक, कारण त्याला डायरीचं कव्हर आवडलं होतं. वाईट म्हटलेलं एक वेळ परवडतं, भांडता तरी येतं. छानचं काय करणार?

आमचे मास्तर एका वाचनालयात भेटले. वय अठ्ठ्याहत्तर, माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त. तरुणपणी त्यांनी बऱ्याच मासिकांना कथा पाठवल्या होत्या, आणि 'साभार परत'चे शिक्के असलेले लिफाफे अजून एका ट्रंकेत आहेत. त्या लिफाफ्यांचा त्यांना अभिमानच आहे. म्हणायचे, परत तरी यायचं! 'सत्यकथे'चे संपादक राम पटवर्धन लेखकांना कथेवर पत्रं लिहायचे, पुन्हा लिहून मागायचे. ते मासिक १९८२ साली बंद पडलं. आता दिवाळी अंकाला कथा पाठवा, एक तर छापून येते किंवा काहीच येत नाही. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी हौशी लेखकाचं वर्ष दिवाळीपाशी संपतं. जूनमध्ये कथा पाठवायची आणि नोव्हेंबरात स्टॉलवर उभ्या उभ्या अनुक्रमणिका चाळून, अंक विकत न घेता घरी यायचं. मास्तर म्हणाले, आपल्याला पत्र लिहिणारं कुणी नाही, तर आपणच एकमेकांना लिहू.

पोस्टकार्डाची कल्पना त्यांचीच. पन्नास पैशांत मिळतं, हा एक मुद्दा. पण खरं कारण वेगळं होतं. कार्ड चौदा बाय नऊ सेंटीमीटरचं. पत्त्याच्या बाजूचा अर्धा भाग धरला तरी बारीक अक्षरात वीस-पंचवीस ओळी, त्यापुढं जागा नाही. एवढ्या जागेत कौतुकाचा फुलोरा नको आणि 'कथा या साहित्यप्रकाराविषयी माझी भूमिका' तर मुळीच नको. कुठं गाडी अडली ते लिहायचं, कुठं पुढं ढकलली गेली ते लिहायचं, काही विचारायचं असेल तर विचारायचं. 'छान' शब्दाला बंदी. 'पण'ला नाही, कारण मास्तर म्हणाले, पण बंद केला तर तुम्ही 'मात्र' लिहाल.

तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मास्तरांच्या घरी जमायचं. ज्याची पाळी असेल त्यानं आधीच्या महिन्यात पाच झेरॉक्स वाटायच्या. कार्डं टपालानं जायची, म्हणजे बैठकीपर्यंत लेखकाचा पहिला राग ओसरलेला असतो. बैठकीत लेखकानं एक पान मोठ्यानं वाचायचं आणि नंतर गप्प बसायचं. बाकीचे बोलत असताना एक अक्षर काढायचं नाही.

हे गप्प बसणं कसलं अवघड असतं! माझ्या पहिल्या खेपेला बँकेतून निवृत्त झालेले काका 'हा मुलगा गिरणीत का जातो ते कळलं नाही' म्हणाले आणि माझं तोंड आपोआप उघडलं. मास्तरांनी ताटलीतली कडक भाकरी उचलून माझ्या हातात दिली. "ही तोंडात घाला." सोलापूरची कडक भाकरी, वर शेंगाचटणी, चावायला लागलात की पाच मिनिटं बोलायची सोय नाही. तेव्हापासून ज्याची कथा त्याच्यापुढं भाकरी ठेवायची पद्धत पडली.

ती माझी कथा 'भोंगा'. माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली निघाली, तेव्हा भोंग्यावर उठायची या गावाला चार पिढ्यांची सवय. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी अकरावीत होतो. कथेत बाप रोज पहाटे भोंग्यानं उठतो, गिरणी बंद पडते, भोंगा थांबतो, तरी तो त्याच वेळी उठत राहतो, आणि शेवटी थंड पडलेल्या धुराड्यासमोर उभा राहून रडतो. नऊ पानं. लिहून झाल्यावर माझे मलाच डोळे भरून आले होते. हे फार वाईट लक्षण असतं, हे आता कळतं.

पाच कार्डं मी जपून ठेवली आहेत. बँकेतल्या काकांनी लिहिलं होतं: 'वडील रडले, मी रडलो नाही. आदल्या पानावर मी त्यांच्या जवळ आलो होतो.' मास्तरांचं: 'कृतकृत्य हा शब्द कथेत कोण बोलतं? तुमचे वडील बोलत नसावेत. तुम्हीही बोलत नाही.' आमच्यात एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहे, भुताच्या गोष्टी लिहितो. त्याचं कार्ड म्हणजे दोन ओळी: 'काका, पान २ वर गिरणीची माहिती आहे, तिथे कथा झोपली. मी सरकवून पुढे गेलो, सॉरी.' मेडिकल चालवणाऱ्या वहिनींनी विचारलं: 'आई कुठे आहे? स्वयंपाकघरात दोनदा भांडं वाजलं, एवढंच.'

पाचवं अक्कांचं. अक्का सोलापूरच्या पूर्व भागात राहतात, अंगणवाडी सेविका. घरची भाषा तेलुगू, मराठी शाळेतली आणि गल्लीतली. त्यांच्या कार्डावर निम्मी जागा कोरी होती. 'दादा, माझे वडील पॉवरलूमवर होते. मागाच्या आवाजानं त्यांना कमी ऐकायला यायचं. तुमच्या बाबांना भोंगा ऐकायला येत होता का?'

पहिल्यांदा मला तो प्रश्न बालिश वाटला. कथेचं नावच भोंगा, आणि ही बाई विचारते ऐकू येत होता का! दोन दिवस मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होतो. तिसऱ्या दिवशी आठवलं, बाबा घरात केवढ्यानं बोलायचे. शेजाऱ्यांना वाटायचं भांडण चाललंय. साच्यावरची माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी आणि ओठांकडे बघून बोलतात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. टीव्ही लावला की पूर्ण आवाज. हे सगळं मला माहीत होतं आणि नऊ पानांत त्यातली एक ओळ नव्हती.

आई शेंगा फोडत बसली होती. तिला विचारलं.

"त्यांना कुठला ऐकू येतोय?" ती म्हणाली. "भोंगा व्हायचा, मी उठायची. पायाचा अंगठा धरून हलवायची त्यांना. हाक मारून काय उपयोग? गल्ली उठली असती, हे उठले नसते."

"आणि गिरणी बंद पडल्यावर?"

"मला जाग यायचीच की. ते झोपलेले असायचे."

"मग?"

"मग काय? उठवायचं कशाला? बसायची अंधारात."

एवढं बोलून ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. तीस वर्षं ज्या घरात राहिलो त्या घरातली पहाट मी चुकीची लिहिली होती.

पुढचा खर्डा लिहायला दोन महिने गेले, आणि तो बिघडला. कारण त्यात मी सगळ्यांचं ऐकलं. काकांसाठी रडणं काढलं, वहिनींसाठी आईला दर पानावर आणलं, पोरासाठी पान २ उडवलं, मास्तरांसाठी सगळे जोडशब्द सोपे केले. पाच जणांनी येता-जाता मीठ टाकलेल्या आमटीसारखं झालं ते. मास्तरांनी दुसऱ्या फेरीच्या कार्डावर एकच ओळ लिहिली: 'ही कुणाची कथा आहे?' चार दिवस ते कार्ड कपाटाच्या काचेला लावलेलं होतं. बायको येता-जाता वाचायची आणि काही बोलायची नाही, ते जास्त लागायचं.

हळूहळू एक अंदाज यायला लागला. माणूस 'इथं अडलो' म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा खरा असतो. 'म्हणून असं करा' म्हणतो तेव्हा तो त्याची स्वतःची कथा सांगत असतो. काकांना प्रत्येक कथेच्या शेवटी धक्का हवा असतो. त्यांनी मला सुचवलं, शेवटी कळू दे की आईसुद्धा बहिरी होती. मी भाकरी चावत होतो म्हणून बरं. पण त्याच काकांनी 'आदल्या पानावर जवळ आलो होतो' हेही लिहिलं होतं, आणि कथा खरं तर त्या पानावर संपत होती. चौथ्या खर्ड्यात धुराडं गेलं, बाबांचं रडणं गेलं, बाबा बहुतेक कथाभर झोपलेलेच आहेत. सहा पानं राहिली. नाव तेवढं बदललं नाही.

बैठका काही नेहमी अशा गंभीर होत नाहीत. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ते नेमकं बैठकीच्या वेळेला येतं. वहिनींचा फोन वाजतो, "पाणी आलं!", आणि पोराच्या कथेतलं भूत जिन्यावर असताना निम्मी बैठक चप्पल शोधत असते. एप्रिल-मेमध्ये उन्हामुळं सकाळी सातलाच जमावं लागतं. जानेवारीत सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, तेव्हा कुणीच येत नाही. एका गृहस्थांनी दोन महिने येऊन बघितलं. त्यांच्या कथेवर पाच कार्डं गेल्यावर त्यांनी पाच कार्डांनी उत्तर पाठवलं, प्रत्येकाच्या वाचनातली उणीव दाखवून. तिसऱ्या महिन्यात आले नाहीत. मला त्यांचं थोडं पटलंही होतं, पण ते सांगायला ते राहिले नाहीत.

आता माझी चूक सांगतो. ती सांगायची म्हणूनच हे लिहायला घेतलं, आणि इतका वेळ टाळत होतो.

अक्कांनी त्यांची पहिली कथा मार्चमध्ये वाटली. मार्च म्हणजे माझा वर्षअखेरीचा महिना, रात्री दहाशिवाय घर दिसत नाही. कार्ड लिहायला सवड झाली नाही, म्हणून ऑफिसातच एका रात्री ताळेबंद बाजूला सरकवून कथा वाचायला घेतली. हातात लाल पेन होतं. ताळा न जुळलेल्या आकड्याला मी लाल गोल करतो. तो हात तसाच कथेवर फिरला. बैठकीच्या आदल्या दिवशी ती खुणा केलेली झेरॉक्स मी त्यांच्या हातात दिली. काहीतरी भलं करतोय असंच वाटत होतं. पूर्ण प्रत तपासून देणारा मी एकटाच होतो ना!

कथा त्यांच्या आईची होती. आई बिड्या वळायची. पूर्व भागात घरोघर हे काम चालतं: ओलसर फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, मापाचा पत्रा ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवर सूप, सुपात जर्दा, वळायची, दोरा बांधायचा, तोंड नखानं मुडपायचं. संध्याकाळी बिड्या जमा करायला गेलं की तिथला माणूस त्यातल्या काही बाजूला काढतो. ती छाट. छाटीचे पैसे मिळत नाहीत. कथेचं नाव 'छाट'.

मी नावालाच गोल केला होता. बाजूला लिहिलं होतं: 'नाकारलेल्या बिड्या असे लिहावे, वाचकाला कळणार नाही.' 'मला ते आठवण आहे' याचं 'मला ते आठवतं' केलं. 'आईनं मला बोलली' याचं 'आई मला बोलली' केलं. यात चुका होत्याच, हे मी आजही म्हणेन. पण तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: 'सूप मांडीवरून उतरलं की घर मोठं व्हायचं.' त्यावर मी लाल रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'आईचं काम संपलं की घरात मोकळं वाटायचं.'

अक्का म्हणाल्या, "बरं दादा. खूप वेळ दिलात." झेरॉक्सची घडी घालून पिशवीत ठेवली. मास्तरांनी ती आधी हातात घेऊन पाहिली होती. मला एवढंच म्हणाले, "पोस्टात कार्डं संपली होती काय?"

त्यानंतर अक्कांची पाळी आली की त्या पुढच्याला द्यायच्या. 'या महिन्यात सर्व्हे आहे', 'मुलाची परीक्षा आहे'. कार्डं मात्र त्यांची न चुकता यायची, आणि सगळ्यांत नेमकी त्यांचीच. पोराच्या भुताला त्यांनी विचारलं होतं, 'याला भूक लागते का?' त्या एका प्रश्नावर त्याची कथा सुधारली. सात महिने असे गेले. मला संशय होता, पण विचारायचा धीर नव्हता. शेवटी एका रविवारी मास्तरांच्या जिन्यात विचारलं.

"तुमचं बरोबरच होतं की दादा," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर राग नव्हता; असता तर सोपं गेलं असतं. "मी म्हटलं, आधी मराठी नीट शिकावी. तोवर तुमचं सगळ्यांचं वाचते."

घरी येऊन मी ती कथा शोधली. माझ्याकडं खुणा न केलेली प्रत नव्हती. माझी प्रत तर मी लाल करून त्यांना देऊन टाकली होती. वहिनींकडून त्यांची घेतली. पूर्ण वाचली, या वेळी दिवसा आणि पेन न घेता. मग एक कार्ड घेतलं. माफीची तीन-चार वाक्यं सुचली ती सगळी माझ्याविषयी होती, म्हणून टाकून दिली. लिहिलं एवढंच: 'सूप मांडीवरून उतरलं की घर मोठं व्हायचं. हे वाक्य मी खोडलं होतं. सात महिन्यांनीही ते मला पाठ आहे. त्याच्या जागी मी काय घातलं ते आठवेना. नाव छाटच ठेवा.'

उत्तर आलं नाही. पुढच्या दोन बैठकांत त्या विषयावर काही बोलल्या नाहीत आणि मीही नाही. पोस्टमननं तेवढं विचारलं की हल्ली कार्डं कमी झालीत, भांडण झालं का.

गेल्या महिन्यात त्यांनी पाच झेरॉक्स वाटल्या. अकरा पानं, आधीपेक्षा तीन जास्त. नाव तेच, शेजारी कंसात अर्थ नाही. वाटताना म्हणाल्या की या वेळी आधी आईला वाचून दाखवली, तेलुगूत सांगत सांगत. म्हातारीनं एकच हरकत घेतली. छाट काढणारा माणूस वाईट दाखवलाय, तो वाईट नव्हता. तो बिचारा आधी नजर वळवून मग छाट काढायचा. वाईट होता तो त्याच्या वरचा, आणि तो कधी समोर यायचाच नाही. म्हणून तीन पानं वाढली.

मी ती दोनदा वाचली. 'मला ते आठवण आहे' पुन्हा तसंच आहे, पण आता ते फक्त आईच्या तोंडी आहे, निवेदनात नाही. ते मुद्दाम केलंय की आपोआप झालंय, कोण जाणे. सातव्या पानावर गाडी अडली. काल रात्री कार्ड घेऊन बसलो, निळं पेन, आणि निम्मी जागा कोरी राहिली तरी चालेल असं ठरवून लिहिलं:

'अक्का, पान ७. आई भरलं सूप बाजूला ठेवते आणि दारापर्यंत जाऊन परत येते. कुणाची वाट बघत होती, ते मला कळलं नाही. तुम्हाला माहीत आहे का?'

सकाळी पेटीत टाकलं. रविवारच्या आत पोचायला हवं.